सीट वर का येईना?

शर्यत रविवारी सकाळी होती आणि शुक्रवारी दुपारी पिटुकलीच्या सायकलची सीट जी खाली बसली, ती वर यायचं नावच घेईना.

ही साधी सीट नव्हती. हँडलवरची कळ दाबून बसलं की ती खाली जाई. उठून पुन्हा कळ दाबली की सुर्रकन वर येई. डोंगर चढताना सीट उंच हवी, तरच पायांचा जोर लागतो. उतरताना ती खाली हवी, नाहीतर तोल जातो. शर्यतीत तिघांच्या संघातल्या प्रत्येकाने डोंगराला एक फेरी मारायची होती. पिटुकली, तिचा मामेभाऊ ढब्बू आणि वर्गमैत्रीण चष्मिस हा तो संघ. एकाची सायकल बसली की तिघंही घरी बसणार.

त्यांच्या सायकल क्लबचे मेकॅनिक उस्ताद परगावी गेले होते. व्यवस्थापककाकांनी सीट दोनदा दाबून पाहिली, मान हलवली आणि वहीत ‘दांडा निकामी’ असं लिहून टाकलं. सायकल मुळात मावशीची, आठ वर्षं जुनी. आता तिच्याकडून फार अपेक्षा करू नये, असं त्यांचं म्हणणं पडलं.

पिटुकलीला ते झोंबलं. याच सायकलवर मावशीने कितीतरी डोंगर पालथे घातले होते. मावशी उद्या संध्याकाळी मुद्दाम शर्यत पाहायला येणार होती. तिला काय सांगायचं?

ढब्बूला वाटलं, कळीची केबल सैल झाली असेल. त्याने कळीजवळची छोटी चकती फिरवून केबल चांगली ताणली. सीट तसूभरही हलली नाही. तो हात पुसत म्हणाला, “माझ्याकडून एवढंच. आता हिला हात जोडू या.”

चष्मिसने मात्र विचारलं, सीट शेवटची नीट कधी चालली? बुधवारी संध्याकाळी, सरावात. मग गुरुवारी? गुरुवारी सुट्टी होती, सगळ्या सायकली क्लबच्या शेडमध्येच होत्या. चष्मिस उठली आणि तशाच सीटच्या आणखी दोन सायकली तिने तपासल्या. एकीची सीट रडतखडत वर आली. दुसरीची आलीच नाही, आणि ती सायकल तर यंदाच आणलेली.

“एका दिवसात तीन सीट म्हाताऱ्या होत नाहीत,” ती म्हणाली. “कुणीतरी काहीतरी केलंय.”

मग तिघंही गुडघ्यांवर बसून शोधू लागली. सीटचा दांडा जिथे सायकलीत शिरतो, तिथे त्याला आवळून धरणारं एक कडं असतं. तिन्ही सायकलींवर त्या कड्याच्या स्क्रूभोवती ताजे चकचकीत ओरखडे होते. आणि हत्यारांच्या ट्रेमध्ये ढब्बूला स्क्रू फिरवायची एक ॲलन की सापडली, तिच्यावर हातभर लोखंडी नळी चढवलेली. एवढ्या लांब दांडीने आवळलं, तर कडं किती घट्ट बसेल!

पिटुकलीने नळी काढून ठेवली, नुसत्या ॲलन कीने स्क्रू अर्धा फेरा सैल केला आणि कळ दाबली. सुर्रकन सीट वर आली आणि वाकून पाहणाऱ्या ढब्बूच्या हनुवटीवर आदळली. दांडा निकामी नव्हताच. कडं इतकं आवळलं होतं की दांड्याच्या आत सरकणारा भाग चिमटला होता.

पण पिटुकली सीटवर बसली आणि सीट तिला घेऊन हळूहळू खाली गेली. तिचा चेहराच उतरला. काका खरं बोलले होते की काय? मग तिने केबलवर बोट ठेवलं. केबल वीणेच्या तारेसारखी ताणलेली. म्हणजे कळ सतत थोडी दाबल्यासारखीच राहत होती! तिने ढब्बूकडे पाहिलं. ढब्बूने हनुवटी चोळत चकती उलटी फिरवली. आता सीट वर आली आणि वरच राहिली.

हे सांगितल्यावर काका आधी रागावलेच. बुधवारी एका लहान मुलाची सीट चालवता चालवता फिरली होती, म्हणून गुरुवारी त्यांनी सगळी कडी स्वतः आवळली होती. घट्ट तेवढं चांगलं, असं ते म्हणाले. पिटुकलीने वाद घातला नाही. अडकलेल्या नव्या सायकलीचं कडं तिने त्यांच्यासमोर सैल केलं आणि कळ त्यांनाच दाबायला सांगितली. सीट वर आली. काकांनी ती खाली दाबून पुन्हा एकदा वर आणून पाहिली.

“पण फार सैल राहिलं तर सीट पुन्हा फिरेल,” चष्मिस म्हणाली. “किती आवळायचं ते कड्यावरच कोरलंय, काका.”

खरंच, बारीक आकडा होता. काकांनी उस्तादांना फोन लावला आणि त्यांचं कपाट उघडून ठरावीक जोराला ‘टक्’ वाजणारा पाना काढला. प्रत्येक कड्यावर पिटुकली तो फिरवायची आणि टक् झालं की थांबायची. बारा सायकली झाल्या, तेव्हा तिचे तळवे लाल झाले होते. काकांनी वहीतली ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली.

रविवारी चढावर पिटुकलीने दुसऱ्या संघांतल्या तिघांना मागे टाकलं, माथ्यावर सीट खाली घेतली आणि उतारावरून ती अशी आली की मावशी कुंपणाला धरून उभीच राहिली. संघाचा नंबर दुसरा आला. पण पिटुकली, ढब्बू आणि चष्मिसच्या घरी नंतर कितीतरी दिवस सांगितलं गेलं ते शर्यतीच्या आधीचं.

सुरुवातीच्या रेषेवर पंच तपासणीचा कागद घेऊन आले. सायकली कोणी तपासल्या, त्याची सही हवी होती. काकांनी कागद उस्तादांकडे सरकवला. आदल्या रात्री परतलेल्या उस्तादांनी पहाटे एकेक कडं पाहून घेतलं होतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि पिटुकलीपुढे धरलं.

“काम ज्याचं, सही त्याची,” ते पंचांना म्हणाले. “मी फक्त बघितलं. मला बदलावं असं काही सापडलं नाही.”

पिटुकलीची अजून सहीच नव्हती. आयुष्यात कुणी मागितलीच नव्हती. तिने क्षणभर विचार केला, ढब्बूच्या पाठीवर कागद ठेवला आणि एक सही तयार केली.