एक गाडी कमी

पाया लेबार भागातल्या ऑफिसातलं नंदाचं काम तसं रुक्षच. दोन देशांना जोडणाऱ्या एका टोल पुलाशेजारी दुसरा पूल बांधायचा होता आणि त्यासाठी रोखे काढायचे होते. लोकांनी त्यात पैसे घालण्याआधी जुन्या पुलावरून खरंच तेवढी वाहनं जातात का, ते तपासून नंदानं सही करायची. २०१४च्या मार्चमध्ये महिनाभर ती तेच करत होती, आणि रोज एक गाडी कमी पडत होती. अलीकडच्या नाक्यावर चढलेली, पलीकडे न उतरलेली.

"मशीन चुकतं, नंदा. एका गाडीसाठी काय डोकं खातेस?" तिचे साहेब प्रबोध म्हणाले.

पण नंदा पडली चिवट. तिनं कॅमेऱ्याचं फुटेज पाहिलं. रोज अकरा चाळीसला एक गाडी मधल्या खांबाआड जायची. तिच्या मागची बाहेर यायची, ती यायची नाही. तक्रार मात्र एकही नव्हती. शेवटी पलीकडे न उतरलेल्या एका व्हॅनच्या मालकाच्या घरी तिनं फोन लावला. नवरा कुठे आहे, असं विचारल्यावर फोनवरची बाई शांतपणे म्हणाली, "माझं लग्नच झालेलं नाही." तिच्यामागे दोन पोरं भांडत होती.

नंदानं फोन ठेवला. आणि आता मशीन तपासायला तिचा नवराच निघाला होता. उल्हासची कंपनी टोलची यंत्रं बसवायची, आणि नंदाच्याच शेऱ्यामुळे त्याला तिकडे पाठवत होते.

"अकरा चाळीसला पुलावर जाऊ नकोस. बारानंतर जा," हौगांगच्या त्यांच्या फ्लॅटच्या दारात ती म्हणाली.

"बरं, बाईसाहेब," तो हसला.

तिनं त्याचा हात धरून ठेवला. लिफ्ट आली तेव्हा सोडावा लागला.

दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून पुलावरचं थेट चित्र लावून स्क्रीनसमोर बसली. अकरा पस्तीसला नाक्यावर पांढरी गाडी आली. काचेआड उल्हास होता. तिनं फोन लावला.

"अगं, पलीकडची माणसं खोळंबलीत. दोन मिनिटांचा तर पूल आहे."

"उल्हास, मागे फिर."

गाडी खांबाआड गेली.

मागची बाहेर आली.

नंदाच्या हातात फोन होता. आपण कुणाशी बोलत होतो, ते तिला आठवेना. तिनं तो ठेवून दिला. आकड्यांत नेहमीची एक गाडी कमी होती. 'मशीनची चूक' असं लिहून तिनं सही केली. प्रबोध खूश झाले.

संध्याकाळी लिफ्टच्या आरशात तिला गळ्यातलं मंगळसूत्र दिसलं. हे कुणाचं घालून आलो आपण, तिला काही उलगडेना. घरी गेल्यावर तिनं ते काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि एकटीपुरता भात लावला.