वळणावरचा ढापण्या

त्या दुकानात मी शिरले ती चुकून. मला हवं होतं शेजारचं सायकलीचं दुकान, आणि ते बंद होतं. बाहेर भुरभुर पाऊस, हातात पंक्चर झालेलं चाक... दुकान कधी उघडतं ते विचारायला म्हणून आत डोकावले, तर एक उंच, चष्मेवाला माणूस कपाळाला काड्यापेटीएवढा कॅमेरा बांधून आरशासमोर जोरजोरात मान हलवत होता.

"काय होतंय तुम्हाला?" मी घाबरून विचारलं.

"मला? काही नाही. याला किती थरथर सोसते ते बघतोय." तो वळला, आणि माझ्या हातातल्या चाकाकडे बघतच राहिला. "तुम्ही डोंगरावरून सायकलने खाली येता? म्हणजे... मुद्दाम?"

"मुद्दाम."

"का पण?"

इतक्या कळवळून मला हे फक्त माझी आई विचारते. मला हसू फुटलं. त्याने चष्मा नाकावर वर सरकवला, आणि त्या जाड काचांआडचे डोळे — जाऊ दे. आपण चाकासाठी आलोय, असं मी मनाला बजावलं.

खरं तर मला कॅमेराही हवाच होता. डोंगरी सायकलिंगच्या शिबिरात निवड व्हायची असेल तर एका अवघड उताराचा सलग, कुठेही न कापलेला व्हिडिओ पाठवायचा होता. अट एकच आणि कडक — वाटेवर दुसरं कोणी दिसता कामा नये. माणूस दिसला की अर्ज बाद. गेल्या वर्षी माझी निवड थोडक्यात हुकली होती आणि पुढच्या वर्षी मी वयात बसणार नव्हते. म्हणजे जे काय व्हायचं ते आत्ताच.

दुकान त्याच्या काकांचं. काका गिऱ्हाइकांदेखत त्याला 'ढापण्या' म्हणायचे, त्यामुळे मीही मनातल्या मनात तेच म्हणायला लागले. काकांची एक विचित्र पद्धत होती. कॅमेऱ्यावरचं कंपनीचं नाव ते रंगीत चिकटपट्टीने झाकून टाकायचे. "लोक नाव विकत घेतात, आणि मग घरी जाऊन थरथरणारी चित्रं बघत बसतात," असं त्यांचं म्हणणं. लाल पट्टी, हिरवी पट्टी, पांढरी पट्टी. एकेक कॅमेरा न्यायचा, एकाच वाटेवर फिरवून आणायचा, आतल्या खोलीत पडद्यावर बघायचा, आणि तिन्ही बघून झाल्याशिवाय निवडायचं नाही.

"म्हणजे मला तीनदा यावं लागणार?" मी विचारलं.

"चारदा," ढापण्या म्हणाला. "चौथ्यांदा उगीच."

लाल पट्टीवाला मी हेल्मेटवर लावून नेला. संध्याकाळी आतल्या खोलीत पडदे ओढून आम्ही बसलो. दोन खुर्च्या, त्यांच्यात उगाच जास्त ठेवलेलं अंतर. पडद्यावर माझीच वाट वेगाने माझ्या अंगावर येत होती.

"कडेची झाडं वाकलेली दिसतायत?" तो सांगू लागला. "भिंग फार रुंद बघतं. म्हणून ती तुमच्याकडे वाकून बघतायत असं वाटतं. हे हेल्मेटवर... एक मिनिट. हे कोण?"

दरीकडच्या वळणावर, झाडांच्या मधोमध, एक करडी आकृती उभी होती. माणसाएवढी. क्षणभरच.

"तिथे कोणी नव्हतं," मी म्हणाले.

"भिंगावर थेंब पडला असेल."

"थेंबाला खांदे असतात?"

तो हसला, पण खुर्ची मात्र जरा माझ्याकडे सरकवून घेतली. मीही हरकत घेतली नाही.

हिरव्या पट्टीवाला छातीवर बांधला. छातीवर बांधला की हँडल दिसतं, आपले हात दिसतात, वेग जास्त वाटतो — हे सगळं त्याने पट्टा आवळताना इतक्या सावकाश समजावलं, की तो पट्टा एवढा वेळ लागण्याइतका अवघड नाही हे मला कळत होतं. त्या दिवशी वळणावर मी डोळे फाडफाडून बघितलं. ओली पानं, धुकं, बाकी काही नाही. एक पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं.

पडद्यावर मात्र तो होता. आणखी जवळ, एक हात वर केलेला. ढापण्याने चित्र थांबवलं, मोठं केलं, आणि खोलीतला गारवा एकदम वाढला असं मला वाटलं. करडा स्वेटर. उंच अंग. नाकावर घसरलेला जाड चष्मा.

तो पडद्यावर होता. आणि माझ्या शेजारीही.

"काय हो," मी उसनं अवसान आणून म्हणाले, "शेंडी लावताय का मला? गेला होतात ना तिथे?"

"मी?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं. वरच्या फळीवरचे खोकेसुद्धा काकाच काढतात."

"अगं, तो सकाळपासून इथेच माझं डोकं खातोय," बाहेरून काकांचा आवाज आला. "तुझं नाव काढून."

आता तो पांढऱ्याचा लाल झाला. मला हसावं की किंचाळावं ते कळेना.

"म्हणजे तुम्ही माझ्या मागे येता," मी हळूच म्हणाले, "आणि तुमचं तुम्हालाच माहीत नाही."

"आलो असतो, तर निदान चांगला शर्ट तरी घातला असता..."

पुढच्या सकाळी पांढऱ्या पट्टीवाला घेऊन निघाले तेव्हा आई म्हणाली, "वेडाबाई, एवढे केस विंचरून डोंगरात कोणाला भेटायला चाललीस?" मी केसांवर हेल्मेट चढवलं. वळणावर वेग कमी केला. कोणी नव्हतं. आणि खोटं कशाला सांगू, भीती वाटायच्या आधी मला वाईट वाटलं.

तो कॅमेरा सगळ्यांत सरस निघाला. थरथर जवळजवळ नाही, झाडाखालच्या काळोखातही प्रत्येक दगड स्पष्ट, आणि वाऱ्याची घरघर बाजूला सारून आवाज नेमका टिपणारा. त्यामुळेच आम्हाला ऐकू आलं. वळण आलं, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला तो अगदी वाटेच्या मधे उभा होता, आणि जिवाच्या आकांताने ओरडला —

"थांब!"

आवाज त्याचाच. पडद्यावरची मी थांबले नाही. त्याच्या अंगावरून, अंगातूनच म्हणा ना, सायकल पुढे गेली.

"अहो-जाहो कुठे गेलं तुमचं?" मी म्हणाले. विनोद करायचा होता, पण आवाज चिरकला.

तो हसला नाही. "उद्या जाऊ नका."

"उद्या शेवटचा दिवस आहे. माझ्याकडे एकही स्वच्छ व्हिडिओ नाही. तिन्हींत तुम्ही आहात!"

"दुसरा उतार..."

"एवढा अवघड दुसरा नाही इथे. आणि तीनदा उतरले ना मी? काय झालं?"

"मग मी येतो."

"आणि माझ्या व्हिडिओत दिसणार? जो नसताना दिसतो, तो असला तर काय करेल!" मी फाडकन बोलून गेले. खरं कारण वेगळंच होतं. मला भीती वाटत होती ती माझ्यासाठी नव्हतीच. मी रोज उतरणारी. पण ज्याला उंचीवर गरगरतं तो माणूस दरीच्या काठावर उभा दिसतो, पुन्हा पुन्हा, दर वेळी जास्त घाबरलेला... याचा अर्थ मी एकच लावला होता. धोका त्याला होता.

"तुम्ही तिथे यायचं नाही," मी म्हणाले. "माझी शपथ आहे."

"बरं," तो म्हणाला. अंधारात त्याच्या करंगळीने माझी करंगळी धरली, आणि मग दोघांनीही पडद्याकडेच बघायचं ठरवल्यासारखं केलं. पडदा तर कधीच काळा झाला होता.

रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी थांबला, पण धुकं इतकं दाट की पुढचे चार दगड तेवढे दिसत होते. मी माथ्यावर उभी राहिले, पांढऱ्या पट्टीवाला हेल्मेटवर चालू केला, आणि स्वतःला सोडून दिलं. आयुष्यात इतकी सुंदर कधी उतरले नव्हते. प्रत्येक दगड जणू आपणहून बाजूला होत होता. हा व्हिडिओ बघून ते मला नाही म्हणूच शकले नसते. मग ते वळण जवळ आलं —

आणि तो तिथे होता. या वेळी माझ्या डोळ्यांना दिसला. करडा स्वेटर, गुडघ्यापर्यंत चिखल, वर केलेला हात.

"थांब!"

तो खरा की तो दुसरा, हे ठरवायला वेळच नव्हता. तो दुसरा असेल तर सायकल त्याच्या अंगातून जाईल, ब्रेक दाबलास तर व्हिडिओ गेला, शिबिर गेलं, सगळं गेलं — हे सगळं मनात आलं. आणि तरीही माझ्या बोटांनी ब्रेक आवळले. खरा असला तर? सायकल आडवी झाली, मी घसरत गेले आणि धाडकन त्याच्या पायांवर आदळले. पाय खरे होते. चांगले हाडामांसाचे.

"शपथ घातली होती ना मी तुम्हाला!" मी चिखलातूनच ओरडले. डोळ्यांत पाणी आलं होतं. "गेला व्हिडिओ! शेवटची संधी गेली माझी! का आलात?"

एका हाताने झाड घट्ट कवटाळलेलं, डोळे मिटलेले. दुसऱ्या हाताने त्याने फक्त स्वतःच्या पाठीमागे बोट दाखवलं.

मी तिकडे बघितलं. वळणापुढची वाट नव्हती. रात्रीच्या पावसाने ती दरीत गेली होती. ताजी तांबडी माती, उघडी पडलेली मुळं, आणि धुक्याच्या फटीतून खूप खाली डोहाचं काळं पाणी. माझं चाक जिथे थांबलं होतं, तिथून एक खडा निसटून खाली गेला. आवाज यायला बराच वेळ लागला.

"बाजूच्या पायवाटेने आलो," तो डोळे न उघडताच म्हणाला. "पहाटे निघालो. अर्धी वाट... बसून बसून. लहान मुलं जिना चढतात ना, तसा. वर पोचलो तर हे दिसलं, आणि तुझ्या चाकांचा आवाज ऐकू आला."

"ढापण्या," मी म्हणाले. पहिल्यांदाच, तोंडावर. "डोळे उघड."

"नको. गरगरतं."

"खाली नको बघू. माझ्याकडे बघ."

त्याने बघितलं. मी चिखलाने भरलेल्या हातांनी त्याचा चष्मा पुसायला गेले आणि आणखीच बरबटवून ठेवला. तो हसला. मग मी रडले. मग आम्ही त्या झाडाला आणि एकमेकांना धरून किती वेळ उभे होतो कोण जाणे. शिबिराचं वाईट मला दुपारी, पायथ्याशी आल्यावर वाटलं. खूप वाटलं. पण तोपर्यंत त्याने माझा हात सोडला नव्हता.

संध्याकाळी दुकानात आलो तेव्हा कोणी नव्हतं, काका कुठेतरी पार्सल द्यायला गेले होते. आम्ही आतल्या खोलीत शिरलो. खुर्च्यांमध्ये आता अंतर नव्हतं.

"तुझा थांबतानाचा चेहरा बघायचाय मला," मी म्हणाले. "हात वर करून कसा उभा होतास, अगदी पुतळा!"

"आणि तू कशी आदळलीस, ते मी सगळ्यांना दाखवणार आहे."

पडद्यावर धुकं आलं. दगड बाजूला होत गेले. वळण आलं.

तिथे कोणी नव्हतं.

ओली पानं, धुकं, आणि रिकामी वाट. कोणी ओरडलं नाही. पडद्यावर मी ब्रेक दाबलेच नाहीत. चाक सरळ पुढे गेलं आणि त्याच्याखालची जमीन संपली. आकाश, माती, पुन्हा आकाश. मग पाणी. कॅमेरा पाण्यातही चालणारा होता, तो चालूच राहिला. हिरवट काळोख. बुडबुडे. मग बुडबुडेही थांबले. माझा एक हात भिंगासमोरून हळूच तरंगत गेला, मनगटावर माझंच घड्याळ, आणि तो काही पकडत नव्हता.

मी माझ्या मनगटाकडे बघितलं. तेच घड्याळ चालू होतं. ढापण्याने पडदा बंद केला.

"यातलं खरं कुठलं?" मी विचारलं. माझा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. "मी... मी थांबले ना?"

"तुझा हात गरम आहे," तो म्हणाला.

"हे उत्तर नाही."

"माझ्याकडे एवढंच आहे." त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला, गालाला लावला. "ऐक. मला तू आवडतेस. दारात चाक घेऊन उभी होतीस ना, तेव्हापासून. मला तुझ्याबरोबर राहायचंय, रोज, म्हातारा होईपर्यंत. हे मी खरंच तुला सांगतोय, की... मला माहीत नाही. पण मी सांगतोय."

"मलाही," मी म्हणाले. "मलाही तू हवायस. ऐकू येतंय ना तुला? मी बोललेलं?"

तो उत्तर देणार, तेवढ्यात बाहेर दाराची घंटा वाजली. काकांची पावलं आली, छत्री झटकल्याचा आवाज आला.

"काय रे ढापण्या," काका बाहेरूनच म्हणाले, "आत एकटाच कोणाशी बोलतोयस?"

आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. माझं काळीज इतकं धडधडत होतं, की निदान ते तरी बाहेर ऐकू जावं असं मला वाटलं. मी तोंड उघडलं. मग सगळा जीव गोळा करून मी ओरडले —

"माझ्याशी, काका! मी आहे! मी आलेय!"

बाहेर शांतता. ढापण्याची बोटं माझ्या बोटांत रुतली.

"अगं, तू आहेस होय!" काका म्हणाले. "मग तीन कप चहा टाकतो."