उत्तरेहून आलेलं हृदय

बस गं. सोमवारी तू त्या हृदयाच्या वॉर्डात नर्स म्हणून रुजू होणार, म्हणून सांगते. मग तुला काय समजायचं ते समज.

मी आपली नेहमीच्याच कामाला गेले होते. उरुग्वे केवढासा देश, हृदयासाठी थांबलेल्यांची रांग सगळ्या देशाची एकच. त्यात पहिला होता एडिसन तेचेरा, बंदरावरचा वेल्डर. उत्तरेला आर्तिगासकडे घोडे माणसाळवणारा एक पोरगा डोक्यावर पडून दगावला, म्हणून डॉक्टरांबरोबर मी विमानाने हृदय आणायला गेले. आपल्याकडे माणसाने जिवंतपणी नकार दिला नसेल, तर कायद्यानेच अवयव घेतात. पोराच्या आईला कुणी विचारलं नाही. ती बाहेर बाकावर बसली होती, काखेत थर्मास, हातात येर्बाच्या पाल्याचा गरम तुंबा, त्यात प्यायची नळी.

"घे पोरी, थंडी आहे," ती म्हणाली.

मी नळीने ते कडू पाणी ओढून संपवलं, तेवढ्यात आतून हाक आली. हृदय बर्फात घातलं की घाई असते. तुंबा तिच्या हातात कोंबून मी पळाले.

शस्त्रक्रिया झकास झाली. एडिसनला लेकीच्या लग्नात नाचायचं होतं, खोलीतच पावलं टाकून बघायचा.

"सिस्टर, जोडीला या की."

"आधी टाके वाळू देत, मग माज कर."

आणि मग दुपारच्या निजेच्या वेळी त्याचं हृदय उधळायला लागलं. नव्या हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असतात, माणूस दचकला तरी ते लगेच दचकत नाही. हे मात्र एकदम दौडत सुटायचं. डॉक्टरांनी हृदयाचा बारीक तुकडा काढून तपासला. शरीर हृदयाला नाकारत नव्हतं. ते दौडत असेपर्यंत खोलीत घामेजलेल्या घोड्याचा वास यायचा, तो फक्त मला आणि एडिसनला.

एका दुपारी मी त्याला हळूच विचारलं.

"म्हातारी येते," तो म्हणाला. "तुंबा भरून देते... संपला की पुन्हा भरते..."

"दुसऱ्याच्या नळीला तोंड लावायचं नाही, सांगितलंय ना तुला?"

"मी कुठे पितो, सिस्टर..." त्याने छातीवर हात ठेवला. "हे पितं."

हृदय कुणाचं ते घेणाऱ्याला कळू द्यायचं नाही, असा नियम. मी अवाक्षरही काढलं नव्हतं. उत्तरेच्या इस्पितळात फोन लावला. तिकडची नर्स म्हणाली, "ती बाई? तुमचं विमान उडालं आणि तिने त्याच बाकावर बसल्या बसल्या प्राण सोडला. थर्मास काखेतच होता."

एडिसन झिजत चालला. रडकुंडीला येऊन म्हणाला, "तिला थांबवा... मला घरी जायचंय." आपल्यातलं कुणीही जे सांगेल, तेच मी सांगितलं. तुंबा परत देताना 'ग्रासियास' म्हण, आभार मान. मग कुणी पुन्हा भरत नाही, पुरे झालं हे त्यांना कळतं.

दुसऱ्या दुपारी मी त्याच्या उशाशी बसले. बाहेर लख्ख ऊन होतं. वास दाटून आला. एडिसनने रिकामा हात पुढे केला, कुणाला काही परत द्यावं तसा.

"ग्रासियास, आई," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता, कोवळा होता.

हृदय थांबलं. आम्ही छाती दाबून दाबून थकलो, ते पुन्हा हललं नाही. लेक दाराबाहेर त्याचे लग्नातले नवे बूट घेऊन उभी होती. नंतर हृदय चिरून पाहिलं, त्यात दोष म्हणून सापडला नाही. त्याला पुरे झालं होतं, एवढंच. त्या पोरीचं तोंड अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

अगं, तो तुंबा नको उचलूस. तूच आल्या आल्या भरून ठेवलास असं मला वाटलं... नाही ना? माझा तर कपाटात आहे. वाफ येतेय बघ, आणि नळी माझ्याकडे वळवलेली आहे.

रोज असाच असतो. मी मुकाट्याने पिते. त्या दिवशी पळताना मी 'ग्रासियास' म्हणालेच नव्हते... आणि आता म्हणायची छाती होत नाही.