टोपीवरचं कुंकू

सर्जेराव मांजरीहून शहरात आले ते फक्त गोळ्या घ्यायला. मंडईपाशी बसमधून उतरले, वाटेत कोथिंबिरीची एक जुडी घेतली आणि बुधवार पेठेतल्या बोळात बंदुकांच्या दुकानाची पायरी चढले. एकुलत्या एक पोराचं वर्षश्राद्ध नुकतंच उरकून हा माणूस आलाय, हे बघणाऱ्याला सांगूनही पटलं नसतं.

दुकानाचे मालक गोपाळकृष्ण यांनी चष्म्यावरून पाहिलं. "या. रायफल आजोबांची, डुकरं नदीची, आणि ताप मात्र माझ्या डोक्याला."

रायफल खरंच आजोबांची होती. बारीक नळीची, ससा, फार तर कोल्हा, एवढाच तिचा वकूब. तिची तयार काडतुसं मिळेनाशी झाल्याला जमाना लोटला, म्हणून रिकाम्या पितळी पुंगळ्या जपून ठेवायच्या आणि घरीच पुन्हा भरायच्या. हे परवान्यात बसतं का, असं या दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नव्हतं. उसाच्या चहूबाजूंनी फ्लॅटचे टॉवर उभे राहिल्यापासून नदीकाठची रानडुकरं सर्जेरावांच्या उरल्यासुरल्या फडात मुक्कामाला आली होती, आणि ती मारायची परवानगी तेवढी रीतसर होती.

गोपाळकृष्णांनी दोन डब्या पुढे सरकवल्या. "ही टणक टोकाची. आरपार जाईल, डुकराला पत्ताही लागणार नाही. ही मऊ शिशाच्या टोकाची, आत गेली की पसरते. तुमच्या एवढ्याशा बंदुकीला हीच बरी. पण कानामागे बसली तर. दुसरीकडे लागली तर त्याला नुसता राग येईल."

"मऊच द्या."

टोप्यांची डबी देताना मात्र त्यांचा हात अडखळला. टोपी म्हणजे पुंगळीच्या बुडातली ती इवलीशी चकती. चाप ओढला की तिच्यावर ठोका बसतो आणि आतली दारू पेटते.

"सर्जेराव... यंदा काडतुसांची पूजा नाही ना?"

"न्हाई."

"घरात सांगितलंत?"

"न्हाई. अन् सांगायचं बी न्हाई."

सांगणार तरी कुठल्या तोंडानं? त्यांच्या घरात रीतच होती. भरलेलं काडतूस डब्यात जाण्याआधी घरच्या बाईनं त्याच्या बुडाला कुंकवाचं बोट लावायचं. पाण्यातलं कुंकू वाळलं की झडतं, म्हणून मुक्ताबाई ते तेलात कालवायच्या. आपलं कुंकू सासूबाईंपेक्षा टिकतं, असं कौतुकानं सांगायच्यासुद्धा. गेल्या साली फडात डुक्कर विक्रमच्या अंगावर आलं तेव्हा सर्जेराव अगदी जवळ होते. नेम बरोबर होता. चाप ओढला, तर नुसतं खट्. दुसरं काडतूस नळीत चढेपर्यंत पोराच्या मांडीची शीर फाटली होती. ते न उडालेलं काडतूस याच दुकानात गोपाळकृष्णांनी उघडून बघितलं होतं. टोपीत तेल मुरलं होतं.

मुक्ताबाईंना एवढंच ठाऊक होतं की बंदूक जुनी होती आणि दैव खोटं होतं. तेवढंच ठाऊक राहू दे, असं सर्जेराव रोज देवाला म्हणत. पोर तर गेलंच. हे कळलं तर ही बाई जगायची नाही. राखण्यासारखं त्यांच्यापाशी आता दुसरं काही उरलं नव्हतं. डुक्कर मेलं काय, ऊस गेला काय.

घरी आल्यावर मागच्या खोलीचं दार त्यांनी आतून लावून घेतलं. जुनी टोपी ठोकून काढायची, पुंगळी घासायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची, वर गोळी दाबायची, आणि काडतूस ताटात उभं करायचं. हात आपसूक चालत होते. दिवस कलला. तिन्हीसांजेला वीज गेली, पलीकडच्या टॉवरचे जनरेटर घुमायला लागले आणि यांच्या खोलीत चार्जिंगच्या दिव्याचा पांढरा डाग तेवढा राहिला. कुठूनसा ओल्या पाचटाचा वास येत होता. मग जनरेटरचा आवाजही ऐकू येईनासा झाला. टॉवरचे दिवे लागलेलेच होते, आवाज मात्र नव्हता.

त्यांनी पहिलं काडतूस डब्यात ठेवायला उचललं, आडवं केलं, आणि ते तसंच बोटांत राहिलं.

बुडाला कुंकू होतं.

दुसऱ्याला होतं. सगळ्यांना होतं. पहिला राग बायकोचा आला. पण दाराची कडी आतून होती. त्यांनी नख लावलं. कुंकू भुरुभुरु झडलं. पाण्यात कालवलेलं. दिवा जवळ धरला तर कुंकवाच्या प्रत्येक ठशात एक कोरी आडवी रेघ होती... कोयता लागून विक्रमच्या अंगठ्यावर कायमची राहिलेली, तीच.

सर्जेरावांना हुंदका आवरेना. धोतराच्या सोग्यानं ते एकेक काडतूस पुसत सुटले.

"पोरा... माझ्यावर काय राग काढायचा त्यो काढ. पर आईला नगं सांगू रं... तिला नगं..."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून मुक्ताबाईंचा आवाज आला. हलका, कुणाला तरी उत्तर दिल्यासारखा.

त्यांनी कडी काढली. बाहेर अंधारात मुक्ताबाई बाजेवर बसल्या होत्या. मांडीवर कुंकवाची वाटी.

"कुणाशी बोलतीस?"

"पाण्यात कालवलंय बघा," त्या म्हणाल्या. "आता असंच कालवायचं."

"कुणी सांगितलं?"

"येतो की रोज दिवेलागणीला. नुसता बसायचा. आज बोलला..." त्यांनी वाटीतून नजर वर केली नाही. "म्हनला, आई, तेलात का गं कालवलंस?"

दाराची चौकट धरून सर्जेराव उभे राहिले. वर्षभर दाबून ठेवलेल्या सगळ्यातून एवढंच फुटलं, "खोटं हाय ते. बंदूकच जुनी हुती."

"तुमाला ठावं हुतं," मुक्ताबाई म्हणाल्या. आवाजात ना रडू, ना राग. सर्जेरावांना तेच सोसवेना. "अन् त्यो कशाला खोटं बोलंल? आईशी?"

मग त्या बाजेवर जरा सरकल्या आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"ये, बस."

आपल्यालाच म्हणते असं वाटून सर्जेराव पुढे झाले. ते पोचायच्या आधीच बाज करकरली, आणि मुक्ताबाईंच्या शेजारची सुतळी खाली दबली.