परवानगी कोणाची?

साहेब, पोर अडकली ती तुमच्यामुळे. तिच्या मावशीने तुम्हाला तीन पत्रं लिहिली. तुम्ही एकही धड वाचलं नाहीत.

शाळेच्या संगणक खोलीसाठी तुमच्या कचेरीतून फलक आला. निळा पत्रा, पांढरी अक्षरं, सुरक्षित आणि जबाबदार वापराचे नियम. पासवर्ड कुणाला सांगू नये. अनोळखी माणसाला नाव-पत्ता देऊ नये. इथवर ठीक. पण नववा नियम असा होता : 'परवानगी मिळाल्याशिवाय जागा सोडू नये.' कोणाची परवानगी? तेवढा एक शब्द तुम्ही खाल्लात.

संगणकाच्या बाईंना असलं अर्धवट काम खपत नसे. 'शिक्षकांची' हा शब्द राहिला आहे, दुरुस्ती व्हावी, असं त्यांनी पत्राने कळवलं. तुमचं उत्तर आलं : 'नियमांत बदल होणार नाही. तासाच्या सुरुवातीला मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावेत.' बाईंनी मुकाट्याने वाचून घेतले.

पहिल्या मजल्यावरची खोली. बारा संगणक, सनमायकाची टेबलं, दाराबाहेर बुटांची रांग, आत तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. पाचवीची बाराजणांची तुकडी. त्यात बाईंच्या बहिणीची मुलगी. आई परगावी नोकरीला, पोर सगळी मावशीच्या जिवावर. तोंड मिटायचं नाव नाही म्हणून वर्ग तिला रेडिओ म्हणायचा. घरी मावशी, शाळेत बाई, ही ताकीद तिला पहिल्याच दिवशी मिळालेली आणि तिने ती कधी मोडली नव्हती.

सुरुवात चेष्टेतच झाली. घंटा झाली तशी रेडिओने संगणकाच्या पडद्यासमोर हात जोडले. "महाराज, उठू का?" वर्ग खिदळला. दुसऱ्या दिवशी बाराही जणांनी विचारलं.

आठवड्याभरात हसू आटलं. पोरं हळूच विचारायची, मान तिरकी करून थांबायची आणि मग उठायची. सगळी एकदम नाही. कुणी लगेच, कुणी पाच मिनिटांनी.

"उठायचं कसं कळतं रे तुम्हाला?" बाईंनी एकाला विचारलं.

"कळतं की." त्याने नवल केलं. "तुम्हाला नाही कळत?"

बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. ते हसले. "पोरं शिस्तीत बसतायत, तर तुमच्याच पोटात का दुखतंय?"

दुसरं पत्र गेलं. तेच उत्तर, तोच शिक्का. बाईंनी फलकावर जुनी चादर टाकली. पोरांनी नियम पाठ म्हटले, नववा जरा जास्तच जोरात. एका तासाला त्यांनी मेन स्विचच पाडला. पंखा थांबला, स्टॅबिलायझरची घरघर थांबली, पडदे काळे पडले. पोरांनी काळ्या पडद्यांना विचारलं, "उठू का?" आणि मान तिरकी करून थांबली.

तिसरं पत्र गेलं. उत्तर आलंच नाही.

शुक्रवारी शेवटच्या तासाला अकराजण उठले. रेडिओ बसून राहिली.

"चल गं. बस चुकेल."

रेडिओ गप्प. रेडिओ, आणि गप्प!

बाईंनी शिपाई काकांना हाक मारली. लोखंडी कपाटं एकट्याने सरकवणारा माणूस. त्यांनी पोरीला काखेत धरून उचलायला पाहिलं. दोनदा पाहिलं. मग हात पुसत मागे सरले.

"बाई, ही हलत नाही." काकांचा आवाज खाली गेला. "एवढीशी पोर."

पोरीचे ओठ पांढरे पडले होते.

"मावशी," ती म्हणाली. शाळेत पहिल्यांदाच. "नाही म्हणतंय."

"कोण?"

"तू विचारून बघ ना."

बाई वाकल्या. बंद पडद्यावर वाफ धरली होती. त्यांनी पदराने पुसली. पुसली जाईना. ती आतल्या बाजूने होती.

"हिला सोड," बाई म्हणाल्या. "मी बसते."

रेडिओ तत्क्षणी उठली. बूट न घालताच जिना उतरली.

बाई टेकल्या. खुर्ची गरम होती. लहान पोर बसून उठल्यावर असते त्याहून कितीतरी गरम.

"उठू का?"

त्या थांबल्या.

आज सोमवार. बाई तिथेच आहेत. बहीण येऊन ओढून गेली, रडून गेली. रेडिओ घरी एक शब्द बोलत नाही. शिपाई काका बाईंचं चौथं पत्र घेऊन सकाळी अकरापासून तुमच्या टेबलासमोर उभे आहेत. पत्रात एकच ओळ आहे.

अडीच वाजले. अख्खी कचेरी जेवून आली. तुमचा डबा बांधलेलाच. वीज सकाळीच गेलीय, समोरच्या संगणकाचा पडदा काळा आहे, आणि तुम्ही मान तिरकी करून बसलाय.

बोला साहेब. कोणाची परवानगी?