उकंडरावाची पुढची फेरी

इंझोरीचा उकंडराव ज्याला माहीत नाही, असं घर वाशीम जिल्ह्यात शोधूनच काढावं लागेल. मळणीयंत्रात बसून हा गडी मंगळावर गेला आणि तिथंही शेजाऱ्याशी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, भांडला! ग्यानबा मास्तरांनी त्याच्यावर पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. मग शुक्राच्या वाटेवर त्याचं डिझेल संपलं आणि इकडे मास्तरच गेले. लोक मास्तरांसाठी रडले ते रडलेच, पण उकंडराव वरच अडकला म्हणूनही हळहळले.

पुढचं पुस्तक लिहायला प्रकाशकांनी गोष्टी लिहिणाऱ्या मानोऱ्याच्या स्नेहाला विचारलं. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची, भुताखेतांशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. पण लहानपणी, आई गेली त्या वर्षी, तिला हसवलं होतं ते उकंडरावानंच. त्याला असं अधांतरी सोडणं तिच्या जिवावर आलं.

मास्तरांच्या पत्नी, दुर्गाबाई, यांचा होकार तेवढा हवा होता. त्यांनी मास्तरांचीच रीत पुढे केली. मास्तर नवं प्रकरण आधी स्वतःच्या शेतात वाचत, तण निंदणाऱ्या बाया जेवायला बसल्या की. बाया हसल्या तर ठेवायचं, नाहीतर फाडायचं.

"बाया हासल्या तं लिह्य," दुर्गाबाई म्हणाल्या. "नाही तं राहू दे त्याले तिथंच."

श्रावणातली दुपार होती. मास्तरांच्याच शेतात, निंबाच्या सावलीत बाया भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. हिरव्या मिरचीच्या ठेच्याचा वास, विळ्यांना चिकटलेली ओली माती, आणि चहूकडे गुडघाभर सोयाबीन. स्नेहानं कागद काढले. मास्तरांची सगळी पुस्तकं पुन्हा वाचून तिनं प्रकरण थेट त्यांच्यासारखं उतरवलं होतं. त्याचा तिला अभिमानही होता.

डिझेलाविनाच वाहत वाहत उकंडराव शनीपाशी पोचला. ते कडं पाहून म्हणाला...

कुणीतरी हसलं.

स्नेहा थांबली. विनोद तर पुढच्या ओळीत होता.

"काहून थांबली बाई?" गोमतीबाईंनी विचारलं.

"तुम्ही हसलात ना?"

"आमी? अजून हासायसारखं काय आलं?"

तिनं पुढची ओळ वाचली. शनीच्या शेजाऱ्यानं धुरा कोरत नेला, म्हणून बिचारा मधोमध लटकून राह्यला. बाया भाकरी चावत राहिल्या. रुपाबाईनं कांदा फोडला.

पुढं वाचलं. पुन्हा हसू आलं, पुन्हा ओळीच्या आधी. पुरुषाचं, घशातलं. मागून, धुऱ्याच्या बाजूनं. स्नेहानं वळून पाहिलं. तिकडे तुरीच्या ओळी होत्या आणि वाऱ्याचा मागमूस नव्हता.

आवाज लांबून आला असेल, उन्हात ऐकू येतं असं, तिनं मनाला समजावलं. मन ऐकेना. जो कुणी हसत होता, त्याला प्रत्येक ओळ आधीच ठाऊक होती.

ठाऊक असणारच. तिचं त्यात होतं काय? एक ओळही तिची नव्हती.

दुर्गाबाई तिच्याकडे टक लावून पाहत होत्या. बाया भाकरीची फडकी झटकायला लागल्या. आता उठल्या की उकंडराव संपला.

स्नेहानं कागद मांडीखाली सारले.

"थांबा," ती म्हणाली. "इकडे इंझोरीत त्याची बायको आहे, गोजराबाई. तिला मास्तरांनी कधी यंत्रात बसूच दिलं नाही. ती डिझेलचा डबा घेऊन स्वतःच निघाली."

बाया थबकल्या. मागे सगळं चिडीचूप.

"कशी निघाली?" रुपाबाईनं विचारलं.

"शेजारणीचं मळणीयंत्र मागून. पोचली, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, इतके ग्रह फिरले तुमी, अन् एकावर तरी सोताच्या हातानं चहा केला का?"

गोमतीबाई फिसकन हसल्या. मग रुपाबाई. मग साऱ्याच, पोट धरधरून, एकमेकींच्या अंगावर पडत. स्नेहाचे डोळे भरून आले. उकंडराव आता घरी येणार होता, तिला पक्कं कळलं.

दुर्गाबाईही हसत होत्या, पदरानं डोळे पुसत. "लिह्य बाई," त्या म्हणाल्या. "तूच लिह्य."

हळूहळू बायांचं हसू ओसरलं.

आणि मग धुऱ्याकडून ते आलं. सगळ्यांच्या मागून. पहिल्यांदाच ऐकलेल्या गोष्टीला येतं तसं, आधी अडखळत, मग खदखदून.

एकीनंही मान वळवली नाही.

दुर्गाबाईंनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला धुऱ्याच्या बाजूला सरकवून ठेवला.

"हळू हासा," त्या तिकडे न पाहता म्हणाल्या. "ठसका लागन."

तुरीतून ठसका ऐकू आला.