संजीवमामाची मदत

“मामावर गुन्हा? चोरीचा?” प्रख्यात किंचाळला. “त्याला तर कॅरममध्येसुद्धा लबाडी जमत नाही!”

“फौजदारांनी चोराचा साथीदार म्हणून नाव घातलंय,” त्याची बहीण चार्वी रडवेल्या आवाजात म्हणाली.

झालं होतं असं. कुंदापूरजवळच्या त्यांच्या गावात यक्षगान हे नाचगाण्याचं नाटक करणारी मंडळी उतरली होती. दुपारी सगळे जेवून घोरत असताना एक माणूस मुकुटांची अवजड पेटी ओढत होता. सायकली दुरुस्त करणारा संजीवमामा धावलाच! त्याने पेटी रिक्षात चढवली, दोरीने बांधून दिली आणि वर त्या चोराला ताकही पाजलं! चोरी उघडकीला आल्यावर हे सगळं त्याने स्वतःच भाबडेपणाने सांगून टाकलं.

“मला वाटलं, मंडळीतलाच असेल,” जामिनावर सुटून आलेला मामा पुटपुटला. “फार दमला होता गं!”

“आता कोर्टात न्यायाधीशांनाही ताक पाज!” आई कडाडली.

मामा हसला नाही. जेवलाही नाही.

“मुकुट विकत घेणार कोण?” शेजारच्या अफ्रानने विचारलं.

“नाटकाचे कपडे भाड्याने देणारा!” चार्वीने उडीच मारली.

तिघं बसने कुंदापुरात गेले. तिसऱ्या दुकानात रावणाचा मुकुट दिसला. प्रख्यातने तो घालून पाहिला, तर थेट नाकापर्यंत! काढताना आतल्या कापडावर लाल दोऱ्याने भरलेलं मंडळीचं नाव दिसलं.

“काका, शाळेच्या नाटकाला असे अजून पाच हवेत. आजच!” प्रख्यात लगेच म्हणाला.

दुकानदाराने खुशीत लगेच फोन लावला, “अरे, उरलेला माल घेऊन ये!”

अफ्रान पोलीस ठाण्याकडे सुसाट! फौजदार चहा सोडून उठेनात.

“सर, मग आम्हीच पकडतो. पेपरात फोटोही आमचाच येईल!”

फौजदार ताडकन उठले.

रिक्षातून पेटी उतरवताना चोर अलगद सापडला. “मला काय ठाऊक चोरीचा माल आहे ते!” दुकानदार चाचरत म्हणाला. त्यालाही जीपमध्ये बसवलं.

“आणि पेटी चढवून देणारा तो संजीव तुझा साथीदार ना रे?” फौजदारांनी दरडावलं.

“कोण, तो ताकवाला? छे हो साहेब! त्याला काहीच ठाऊक नव्हतं. गाढव आहे तो! एवढी मदत सख्ख्या भावाने केली नसती!”

“सर, हे अस्संच लिहून घ्या!” चार्वी ओरडली.

“गाढवसुद्धा?”

“गाढवसुद्धा!”

पुढच्या महिन्यात कोर्टाने मामाचं नाव वगळलं. मंडळीच्या म्हाताऱ्या भागवतांनी, म्हणजे मुख्य गायकांनी, तिघांच्या पाठीवर थाप मारली. “आम्ही मोठे झोपलो, तुम्ही जागे राहिलात!”

दुसऱ्या दिवशी मामाच्या दुकानासमोर अकरा सायकली उभ्या होत्या. त्यातल्या आठ बिघडलेल्याच नव्हत्या. मामाने डोळे पुसले आणि त्या आठही तपासल्या.